तारण, विसार आणि सोवळे

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळकांची एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. गप्पा कवितेपासून सुरू झाल्या आणि धर्माकडे वळल्या. उतरण्यापूर्वी त्या प्रवाशाने टिळकांच्या हाती बायबलची प्रत ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला ही हकीकत नवी नाही. गाडीचा मार्ग मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. तुमसर, गोंदिया, डोंगरगड असा तो मार्ग. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते; दक्षिणेला नवेगाव-केशोरीच्या जंगलापर्यंत पसरलेल्या या धानाच्या मुलखाचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. त्याहूनही दुर्लक्षित राहिलेली गोष्ट म्हणजे त्या प्रवाशाचा पंथ. अर्नेस्ट वॉर्ड या नावाने ओळखला जाणारा हा मिशनरी फ्री मेथडिस्ट होता आणि टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत. पेरणी एकाची, कापणी दुसऱ्याची, आणि या दोघांत एका प्रश्नावर दोन शतकांचे भांडण होते.

प्रश्न वरवर साधा आहे. ज्याचे एकदा तारण झाले, त्याचे ते पुन्हा हिरावले जाऊ शकते काय? तारण ही सर्वस्वी देवाची कृपा असेल, तर माणसाच्या घसरण्याने ती रद्द कशी होणार? आणि रद्द होतच नसेल, तर मग पवित्र जगण्याची निकड कोणाला आणि का वाटावी? डॉर्ट येथील धर्मसभेने (१६१८-१९) कॅल्व्हिनच्या परंपरेला अनुसरून निर्णय दिला की, देवाने निवडलेले लोक अखेरपर्यंत टिकतात. आर्मिनियसच्या अनुयायांना हे मान्य नव्हते. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने त्यांची बाजू घेतली, कृपा अव्हेरता येते असे सांगितले आणि त्यापुढे जाऊन याच जन्मी अंतःकरणाच्या पूर्ण पवित्रतेची आशा धरावी असे शिकवले. १८६० साली स्थापन झालेले फ्री मेथडिस्ट हे वेस्लीचे कडवे वारस. त्यांच्या नावातील 'फ्री'मध्ये गुलामगिरीचा विरोध जसा होता, तसा चर्चमधील बाके भाड्याने देण्याचाही होता. उलट १८१३ पासून मुंबईत काम करणारे अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या प्युरिटन मुशीतून आले होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'एकदा तारण, सदैव तारण' हे आज सर्रास ऐकू येणारे सूत्र म्हणजे डॉर्टचा सिद्धांत नव्हे. त्याचे ते कापून आखूड केलेले रूप आहे. निवडलेला मनुष्य टिकतो, पण तो पवित्रतेतच टिकतो, असे मूळ सिद्धांत सांगतो. जो टिकला नाही, तो निवडलेला नव्हताच. त्यामुळे धास्ती नाहीशी होत नाही, ती मागच्या दाराने परत येते. बनियनच्या रूपककथेच्या अखेरीस स्वर्गाच्या दारापासूनही नरकाकडे एक वाट जाते, हे आपल्याला स्मरत असेल. बनियन पक्का कॅल्व्हिनवादी होता. त्याचे पुस्तक हरी केशवजींनी 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ मध्ये मराठीत आणले. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाचकाच्या हाती आलेल्या पहिल्या ललित पुस्तकांतच हा पेच होता.

भारतीय वाचकाला तो परका वाटू नये. श्रीवैष्णवांत पिळ्ळै लोकाचार्य आणि वेदान्त देशिक यांच्या परंपरा याच प्रश्नावर दुभंगल्या. मांजरी पिलाला तोंडात धरून नेते, पिलाने काहीच करायचे नसते. माकडिणीच्या पिलाला मात्र आईचे पोट घट्ट धरावे लागते. मार्जारन्याय आणि मर्कटन्याय. रुडॉल्फ ओट्टो या जर्मन पंडिताने विसाव्या शतकात या साम्यावर विस्ताराने लिहिले. टिळकांना ते सांगावे लागले नसते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत.

विदर्भात या वादाने विलक्षण रूप घेतले. मिशनांनी एकमेकांच्या क्षेत्रात जायचे नाही, असा संकेत असे. त्यामुळे नागपुरात स्टीफन हिस्लॉपच्या काळापासून स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन, पुढे बुलढाणा-वाशीमला नाझरीन अशी वाटणी झाली. यांतले प्रेस्बिटेरियन वगळता बाकीचे कमी-अधिक प्रमाणात पवित्रता-चळवळीची अपत्ये. परिणाम असा की, आपले तारण गमावता येते की नाही, याविषयी एखाद्या कुटुंबाचे मत ते कोणत्या तालुक्यात राहते यावर ठरू लागले! सोयरीक दुसऱ्या तालुक्यात झाली की सुनेबरोबर सिद्धांतही बदलून यायचा. युरोपात ज्या प्रश्नासाठी माणसे देशोधडीला लागली, तो इथे महसुली हद्दीने सुटला. असो.

परंतु हद्दीने न सुटणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे भाषा. मिशनऱ्यांच्या शब्दांना मराठीत प्रतिशब्द मिळाले ते कोरे नव्हते. 'तारण' हाच शब्द घ्या. ख्रिस्ती मराठीत तो उद्धारवाचक आहे. बाजारात मात्र तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू, सावकाराची सुरक्षितता. ज्याची जमीन तारण पडली आहे, त्या कुळाला 'तुझे तारण झाले आहे' हे वाक्य कसे ऐकू आले असेल? दुसरा शब्द 'विसार'. पवित्र आत्मा हा भावी वतनाचा विसार आहे, अशी इफिसकरांस पत्रातील कल्पना. मुळातला ग्रीक शब्दही व्यापाऱ्यांकडूनच आलेला, सेमिटिक वळणाचा. आता विसाराचा व्यवहार मराठी माणसाला चांगला ठाऊक असतो. घेणाऱ्याने माघार घेतली तर विसार बुडतो. पौलाच्या रूपकात विसार देणारा देव आहे, म्हणजे माघार घेतल्यास बुडणार ती त्याचीच रक्कम. शाश्वत सुरक्षिततेच्या बाजूने याहून सुबोध युक्तिवाद मला इंग्रजीत आढळलेला नाही.

आणि 'पवित्र' या शब्दाचे काय? वेस्लीच्या शिकवणीचा सारा भार त्याच्यावर, आणि मराठी घरात पवित्र म्हणजे सोवळे! धुतलेले, न शिवलेले, वेगळे ठेवलेले. पवित्रतेचा उपदेश ऐकणाऱ्या ब्राह्मणाला तो ओळखीचा वाटण्याचा आणि अस्पृश्याला तो जुनाच छळ वाटण्याचा धोका होता.

पतनाचा प्रश्नही इथे निराळ्या वेषात आला. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनच्या घरी राहिला आणि जेवला होता. न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. आता तो पुन्हा जातीत येऊ शकतो काय? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्ताच्या बाजूने उभे राहिले आणि कर्मठांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पडलेल्याला पुन्हा उभे करणे अशक्य म्हटले आहे. त्यावर युरोपचे पंडित शतकानुशतके झुंजले. पुण्या-मुंबईचे शास्त्री तोच प्रश्न उलट्या दिशेने सोडवीत होते. मराठी ख्रिस्ती मनुष्य दोन्ही बाजूंनी 'पतित' होऊ शकत होता, हे या वादाच्या पाश्चात्त्य इतिहासकारांच्या गावीही नाही.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिनशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात मतस्वातंत्र्याचा करारी स्वर आहे. पण पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या कबूल करतात की, त्या वर्षांत आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. बाप्तिस्मा होता, सदाचार होता, शारदासदनासारखे काम उभे राहिले होते, फक्त खात्री नव्हती. सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ १८५१ साली स्वतःच्याच प्रवचनाने परिवर्तित झाला होता. धर्माचे काम करणे आणि धर्मात असणे यांतील अंतर रमाबाईंना त्या पुस्तकाने दाखवले. म्हणजे त्यांची पहिली गरज सुरक्षिततेची होती, आणि ती पवित्र आचरणाने भागलेली नव्हती. वादातील पहिल्या पक्षाला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

पण त्या तेथे थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणून त्यांनी केडगावला 'मुक्ती' उभी केली. १८९८ मध्ये केझिकच्या मेळाव्याला त्या गेल्या. त्याच वर्षी मिनी एब्रम्स ही मेथडिस्ट सेविका त्यांना येऊन मिळाली. जून १९०५ च्या अखेरीस एका पहाटे एका मुलीला आपल्या अंगी आग उतरल्याचा अनुभव आला. शेजारची मुलगी म्हणे पाण्याची बादली आणायला धावली. त्यानंतर दिवसेंदिवस रडणे, पापांची कबुली, चोरलेल्या वस्तू परत करणे. एब्रम्सने पुढच्याच वर्षी या अनुभवावर पुस्तक लिहिले.

त्या कबुल्यांविषयी माझ्या मनात शंका आहे. दुष्काळातून वाचलेल्या पोरीने चोरलेली मूठभर ज्वारी हे पाप म्हणून मोजायचे काय? जिथे अन्न, वस्त्र आणि छप्पर एकाच संस्थेच्या हाती आहे, तिथे पवित्रतेला पहारा बसवणे फार सोपे असते. मात्र हेही खरे की, त्या मुलींपैकी कित्येकींना 'मी' या शब्दाने सुरू होणारे वाक्य चारचौघांत उच्चारण्याची मुभा त्याआधी कोणी दिली नव्हती. रमाबाईंनी स्थळाला दिलेले नावच पाहा. मुक्ती हा शब्द त्यांनी संस्कृतातून आणला, आणि त्याखाली छापखाना, शेती, विणकाम, स्वयंपाक ठेवला. खात्री आधी, पवित्रता नंतर, हा त्यांच्या आयुष्यातील क्रम होता. पण केडगावात त्या दोहोंमध्ये कोठे रेघ मारावी हे कोणालाही सांगता आले नसते. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. अन्य धर्मांच्या परिभाषेतून उसने घेतलेले शब्द टाळण्याचा त्यांचा हट्ट होता. संस्थेला 'मुक्ती' म्हणणाऱ्या बाईंचा हा हट्ट! त्यामागे वर सांगितलेली शब्दांची अडचण आहे, असे मला वाटते.

टिळकांची वाट वेगळी. वॉर्डची काटेकोर पवित्रता त्यांच्या स्वभावात नव्हती, आणि प्युरिटनांचे निवडीचे गणितही त्यांच्या अभंगांत शोधून सापडत नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडले आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही शिष्य चालत. आत कोण आणि बाहेर कोण, हीच या वादाची पायाभूत विभागणी. टिळकांनी तीच मोडीत काढली. मिशनवाल्यांना हे पटणे शक्य नव्हते. आपल्यालाही ते सोडवणुकीपेक्षा बगल दिल्यासारखे वाटू शकते.

नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. कॅल्व्हिनचे, वेस्लीचे आणि बाप्तिस्तांचे वारस एका छत्राखाली आले. वाटाघाटींत बाप्तिस्मा आणि बिशपपद यांवर घमासान झाले. तारण गमावता येते की नाही, हा प्रश्न मात्र ऐक्याच्या आड आला नाही.

पवित्रतेच्या मराठी इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण मात्र धर्मशास्त्राच्या ग्रंथांत नाही, ते 'स्मृतिचित्रां'त आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई टिळक काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या आणि परत आल्या त्या सोवळे सांभाळतच. वेगळी चूल, वेगळे पाणी. टिळकांनी त्याची तजवीज करून दिली, आग्रह धरला नाही. मग एके दिवशी त्या एकट्याच विचार करीत बसल्या, आणि जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचे उत्तर त्यांचे त्यांनाच सापडले. विटाळ मनातून गेला. त्या उठल्या, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. बाप्तिस्मा झाला तो नंतर, १९०० मध्ये.