सीमेपलीकडील कारवाई आणि सार्वभौमत्व : साकियेत सिदी युसुफ (१९५८) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
बंडखोरांना शेजारी राष्ट्रात आश्रय मिळाला, तर पीडित राज्याने सीमा ओलांडून त्यांच्यावर प्रहार करावा काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारंवार उपस्थित झाला. फ्रान्सने ८ फेब्रुवारी १९५८ रोजी ट्युनिशियातील साकियेत सिदी युसुफ या सीमावर्ती गावावर केलेला बॉम्बहल्ला हे त्याचे बोलके उदाहरण होय.

पार्श्वभूमी :
अल्जेरियाचा स्वातंत्र्यलढा १ नोव्हेंबर १९५४ रोजी सुरू झाला. २० मार्च १९५६ रोजी ट्युनिशिया स्वतंत्र झाला आणि अल्जेरियाच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीस पूर्वेकडे सुरक्षित तळ उपलब्ध झाले. हबीब बुर्गिबा यांची स्थिती मात्र अवघड होती. अल्जेरियन बांधवांना मदत नाकारणे जनमतास मानवणारे नव्हते, तर फ्रान्सशी उघड वैर नवजात राष्ट्रास परवडणारे नव्हते. शिवाय फ्रेंच सैन्य अद्याप ट्युनिशियाच्याच भूमीवर होते. ही घुसखोरी रोखण्यासाठी फ्रान्सने १९५७ मध्ये सीमेलगत विद्युतभारित कुंपण, भूसुरुंग आणि गस्त यांची 'मोरीस रेषा' उभारली. तत्कालीन संरक्षणमंत्री आंद्रे मोरीस यांच्यावरून तिला हे नाव पडले.

घटना :
११ जानेवारी १९५८ रोजी साकियेतनजीक मुक्तिसैनिकांनी फ्रेंच तुकडीवर छापा घातला. त्यात किमान चौदा सैनिक ठार झाले व चौघे बंदी झाले. त्यानंतर फ्रेंच विमानांवर गावातून गोळीबार होत असल्याच्या तक्रारी वाढल्या. अखेर ८ फेब्रुवारीस पंचवीस फ्रेंच विमानांनी गावावर हल्ला चढविला. तो बाजाराचा दिवस होता. निर्वासितांना मदत देण्यासाठी रेडक्रॉसचे पथकही तेथे आले होते. सुमारे सत्तर व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, त्यांत शाळकरी मुलेही होती. पॅरिसमधील मंत्रिमंडळाने या विशिष्ट हल्ल्याचा निर्णय घेतला नव्हता. तरीही पंतप्रधान फेलिक्स गायार यांनी संसदेत सैन्याची पाठराखण केली. लष्कराच्या कृतीमागे शासनाची फरफट होत असल्याचे येथे स्पष्ट दिसते.

विश्लेषण :
फ्रान्सने आपल्या समर्थनार्थ 'पाठलागाचा हक्क' व स्वसंरक्षण यांचा आधार घेतला. परंतु पाठलागाचा हक्क ही मूलतः समुद्री कायद्यातील संकल्पना आहे. १९५८ च्याच जिनिव्हा करारानुसार पाठलाग होणारे जहाज अन्य राष्ट्राच्या प्रादेशिक समुद्रात शिरताच हा हक्क संपुष्टात येतो. म्हणजेच ज्या तत्त्वाचा आधार घेतला गेला, ते तत्त्वच परक्या सीमेपाशी थांबते. शिवाय पूर्वनियोजित बॉम्बहल्ल्यास पाठलाग म्हणता येत नाही.

परिणाम :
बुर्गिबा यांनी आपला राजदूत परत बोलाविला, फ्रेंच सैन्याला तळांतच अडवून धरले आणि प्रकरण सुरक्षा परिषदेकडे नेले. हल्ल्यात अमेरिकन बनावटीची विमाने वापरली गेल्याने अमेरिकेचीही कोंडी झाली. रॉबर्ट मर्फी व हॅरॉल्ड बीली यांची अमेरिकी-ब्रिटिश मध्यस्थी सुरू झाली. अल्जेरिया ही अंतर्गत बाब असल्याची फ्रान्सची भूमिका त्यामुळे दुबळी ठरली. मध्यस्थीच्या प्रश्नावरच १५ एप्रिल रोजी गायार मंत्रिमंडळ कोसळले. १३ मे रोजी अल्जिअर्समध्ये उठाव झाला, १ जून रोजी द गॉल सत्तेवर आले आणि चौथे प्रजासत्ताक इतिहासजमा झाले. ५ जुलै १९६२ रोजी अल्जेरिया स्वतंत्र झाला.

निष्कर्ष :
लष्करीदृष्ट्या पाहता, आपल्याच हद्दीत उभारलेल्या मोरीस रेषेने फ्रान्सला जे साधून दिले, ते सीमेपलीकडील बॉम्बवर्षावाने दिले नाही. रेषेने घुसखोरी बऱ्याच अंशी रोखली. हल्ल्याने मात्र शेजाऱ्याला शत्रू केले, मित्रांना संकोचात टाकले आणि निरपराधांचे प्राण घेतले. आश्रय देणाऱ्या राष्ट्राची जबाबदारी नाकारता येत नाही, हे खरे. तथापि ते राष्ट्र दुर्बल व द्विधा अवस्थेत असताना त्याच्यावर केलेला प्रहार त्यास बंडखोरांपासून दूर नेत नाही, तर त्यांच्या अधिक जवळ ढकलतो. साकियेतचा हा धडा सीमातंटे अभ्यासणाऱ्यांनी दुर्लक्षू नये.