काळ्या पट्ट्यांचा इतिहास

घरांत पेटी असो वा पियानो असो, त्याच्या पट्ट्यांकडे पाहून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, पांढऱ्या पट्ट्या म्हणजे शुद्ध स्वर आणि काळ्या पट्ट्या म्हणजे कोमल-तीव्र स्वर. ही समजूत अर्धवट आहे. आपला गवई ‘काळी एक’ हा आपला सूर सांगतो, तेव्हां ती काळी पट्टीच षड्ज होते आणि तिच्या लगत पुढें असलेली पांढरी पट्टी कोमल ऋषभ होते. म्हणजे कोमलत्व हा पट्टीच्या रंगाचा गुण नसून, एका स्वराचें दुसऱ्याशीं असलेलें तें नातें आहे. रंगहि कायम नाहीं. मोझार्टच्या काळच्या कित्येक पियानोंवर हल्लींच्या उलट, मुख्य पट्ट्या काळ्या व मधल्या पांढऱ्या असत. मग ह्या मधल्या पट्ट्या आल्या कोठून?

आज पियानोवर सामान्यतः ८८ पट्ट्या असतात. त्यांपैकीं ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या. परंतु मध्ययुगीन युरोपांतील धर्मसंगीतांत मूळ स्वर सातच होते, व त्यांना ए पासून जी पर्यंतचीं अक्षरें दिलेलीं होतीं. त्यांत एक अडचण होती. एफ व बी हे दोन स्वर एकमेकांशीं नीट जुळत नसत. म्हणून प्रसंगीं बी थोडा उतरवून गात. अकराव्या शतकांतील इटालियन संगीतशिक्षक ग्विदो याच्या काळीं ह्या एकाच अक्षराचीं दोन रूपें रूढ होतीं. उतरलेला तो गोल, मृदु बी आणि मूळचा तो चौकोनी, कठीण बी. गोल अक्षरापासून ‘फ्लॅट’चें चिन्ह झालें, तर चौकोनी अक्षरापासून ‘नॅचरल’ आणि ‘शार्प’ हीं दोनहि चिन्हें निघालीं. फ्रेंच भाषेंत फ्लॅटला अद्यापि ‘बेमोल’, म्हणजे मृदु बी, असेंच म्हणतात. जर्मन लोकांनीं चौकोनी बीला एच हें नांव दिलें. त्यामुळें बाख ह्या आडनांवाचीं चारहि अक्षरें त्यांच्याकडे स्वर ठरतात.

पुढें इतर स्वरांनाहि असेंच चढवूं-उतरवूं लागले. ई-एफ व बी-सी ह्या जोड्यांत मुळांतच अर्ध्या स्वराचें अंतर आहे. तेथें मध्यें जागा नव्हती. उरलेल्या पांच ठिकाणीं पूर्ण स्वराचें अंतर होतें. तेथें पांच पट्ट्या बसल्या. जर्मनींतील हाल्बरश्टाट येथील १३६१ सालच्या ऑर्गनवर अशा उचललेल्या पट्ट्या होत्या, हें प्रेटोरियस ह्या ग्रंथकारानें सतराव्या शतकाच्या आरंभीं केलेल्या वर्णनावरून कळतें.

पण पट्ट्या बारा झाल्या, तरी हिशोब जुळेना. षड्जावरून पंचम धरावा, त्या पंचमास षड्ज मानून पुन्हा पंचम धरावा, असें १२ वेळां केलें, तर ७ सप्तकें चढून मूळ स्वर यावयास पाहिजे. तो येत नाहीं. षड्ज-पंचमाचें प्रमाण ३:२. तें १२ वेळां गुणिलें असतां सुमारें १२९.७५ येतें, आणि सात सप्तकांची पट १२८ होते. ह्या फरकामुळें जी-शार्प व ए-फ्लॅट हे वस्तुतः निराळे स्वर पडतात. परंतु त्यांना पट्टी एकच! म्हणून इटलींतील कांहीं कारागिरांनीं काळी पट्टी आडवी दुभागून दोन स्वरांची सोय केली. व्हेनिसच्या त्रासुंतीनो यानें तर १६०६ सालीं एका सप्तकांत ३१ पट्ट्यांचें वाद्य बनविलें. तें आज बोलोन्या येथील संग्रहालयांत आहे. परंतु असें वाद्य वाजवावें कोणी?

अखेर निराळा मार्ग रूढ झाला. भाऊबंदांनीं वडिलोपार्जित कर्ज समान वांटून घ्यावें, त्याप्रमाणें ती चूक बाराहि स्वरांत सारखी वांटावयाची. चीनचा राजपुत्र झू झाइ-यू यानें १५८४ सालींच ह्याचें गणित मांडलें होतें. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या सुमारें १.०५९५ पट उंच. बारा पायऱ्यांत बरोबर दुप्पट. बाखनें १७२२ सालीं चोवीसहि स्वरस्थानांत रचना केल्या. मात्र त्याच्या वाद्याची जुळणी अगदीं अशीच समान होती, असें म्हणतां येत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत समान जुळणी सर्वत्र पसरली. कोणत्याहि पट्टीवरून गाणें सुरू करण्याची सोय झाली. पण सप्तकाखेरीज एकहि अंतर निर्भेळ राहिलें नाहीं.

हीच जुळणी हार्मोनियमबरोबर आपल्या घरांत व रंगभूमीवर आली. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, व त्यांचे सहकारी क्लेमंट्स यांचा ग्रंथ १९१३ सालीं निघाला. श्रुतींची स्वतंत्र पेटी करण्याचाहि यत्न झाला. पुढें १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीनें हार्मोनियमला मज्जाव केला, तो १९७१ पर्यंत सैल झाला नाहीं. पेटीवर मींड निघत नाहीं व तिचे स्वर ठरीव असतात, हे आक्षेप खोटे नव्हते. तथापि मैफलींतून पेटी हटली नाहीं, कारण तिच्याइतका सोपा सोबती गायकास दुसरा मिळाला नाहीं.

तेव्हां मुलांना पेटी अवश्य शिकवावी. परंतु आधी तंबोऱ्याशीं षड्ज-पंचम ऐकवावा. पट्टी स्वराचें ठिकाण दाखविते. तो स्वर किती चढा वा उतरा लावावयाचा, हें कानासच ठरवावें लागतें.