बेटास बेट : खांदेरी-उंदेरी व रशियाच्या स्वाऱ्यांस इंग्रजांचीं उत्तरें

थळच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहिलें असतां जवळ उंदेरी व पलीकडे खांदेरी अशीं दोन बेटें दिसतात. मराठी आरमाराच्या इतिहासांत तीं सुपरिचित आहेत. परंतु शेजारच्या मुलखांत रशियानें फौज घातली असतां पाश्चात्य सत्तांनीं जीं उत्तरें दिलीं, त्यांचें मर्म समजण्यासही या जोडबेटांचा उपयोग होतो, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

इ. स. १६७९ च्या पावसाळ्यांत शिवाजी महाराजांनीं खांदेरीवर माणसें उतरवून तटाचें काम आरंभिलें. मुंबईच्या तोंडाशीं मराठ्यांचें ठाणें बसतें हें पाहून इंग्रजांनीं आधीं बेटावर हक्क सांगितला, मग जहाजें पाठविलीं. १८ ऑक्टोबरच्या लढाईंत दौलतखानाच्या आरमारानें त्यांचें ‘डव्ह’ हें गलबत पकडलें. उलट ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढें मराठ्यांसही हटावें लागलें. तथापि किनाऱ्याकडून लहान होड्यांनीं रसद पोहोंचत राहिली व खांदेरी पडली नाहीं. १६८० च्या जानेवारींत सिद्दी कासमानें लगतचें उंदेरी घेतलें. इंग्रजांनीं मराठ्यांशीं तह करून अंग काढून घेतलें. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. उंदेरी मात्र मराठ्यांस मिळावयास सुमारें ऐंशी वर्षें लागलीं.

एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांनीं बेटास बेट हाच डाव रशियाविरुद्ध तीनदां मांडला. इराणच्या शाहानें रशियन वकिलाच्या पाठबळानें हेरातला वेढा दिला, तेव्हां १८३८ च्या जूनमध्यें मुंबईच्या फौजेनें इराणी आखातांतील खार्ग बेट व्यापिलें. सप्टेंबरांत वेढा उठला. १८७८ त रशियन फौजा इस्तंबूलच्या वेशीशीं येतांच मुंबईहून सुमारें ७,००० हिंदी शिपाई माल्टास गेले व तुर्कांशीं करार करून इंग्रजांनीं सायप्रस घेतलें. बर्लिनच्या बैठकींत रशियाला कांहीं मिळकत सोडावी लागली. ३० मार्च १८८५ रोजीं रशियानें अफगाणांपासून पंजदेह घेतलें. इंग्रजांनीं कोरियाजवळचें पोर्ट हॅमिल्टन व्यापिलें आणि १८८७ त तें सोडलें. पंजदेह रशियाकडेच राहिलें.

या भिन्न निकालांचें एक मोठें कारण जमिनीच्या वाटेंत आहे. शाहाचा किनारा व इस्तंबूलची खाडी आरमाराच्या माऱ्यांत होतीं; पंजदेह नव्हतें. खांदेरीचेंही तेंच. इंग्रजांपाशीं समुद्र होता, पण थळचा किनारा नव्हता.

अशा उत्तरांचा खर्च कोणावर पडतो, हाही प्रश्न आहेच. पंजदेहनंतर लष्करी खर्च वाढविण्याचा बेत झाला, तेव्हां डिसेंबर १८८५ त मुंबईस भरलेल्या पहिल्या काँग्रेसनें ती वाढ अनावश्यक ठरविली.

२०२२ त रशियानें युक्रेनवर स्वारी केली तेव्हां पाश्चात्य राष्ट्रांनीं युक्रेनला शस्त्रें पुरविलीं, आणि रशियाच्या मध्यवर्ती बँकेची परदेशांतील सुमारें ३०० अब्ज डॉलरची ठेव गोठविली. बेटाच्या जागीं तिजोरी आली. पण रशियन फौजेची वाट जमिनीवरूनच होती, आणि ती ठेव गोठल्यानें अडली नाहीं.

खांदेरीस रसद कोणत्या गांवांनीं व कोणत्या होड्यांनीं पुरविली, हा या प्रकरणाचा गाभा होय. ज्या संग्राहकांपाशीं अष्टागरांतील जुनीं दफ्तरें असतील, त्यांनीं त्यांतील तारवें, धान्य व वेठ यांच्या नोंदी अवश्य प्रसिद्ध कराव्या.