सोफिलोसची सही
अथेन्सच्या कुंभारवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या भांडी घडत, रंगत आणि भट्टीतून निघून देशोदेशी जात. परंतु त्यांवर चित्रकाराचे नाव बहुधा नसेच. म्हणूनच ख्रिस्तपूर्व ५८० च्या सुमाराच्या एका मद्यपात्रावरील विवाहचित्रात, नवरदेवाच्या घराच्या खांबांमधल्या चिंचोळ्या जागेत, ‘सोफिलोसने मला रंगविले’ ही अक्षरे वाचताना, अथेन्सच्या ज्ञात-नाम चित्रकारांतील सर्वांत जुन्या माणसाची प्रत्यक्ष भेट झाल्याचा आनंद मला होतो.

मद्यात पाणी मिसळण्यासाठी उंच बैठकीवर ठेवावयाचे हे गोल बुडाचे पात्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वरच्या पट्ट्यात मर्त्य पेलेउस आणि सागरकन्या थेटिस ह्यांचा विवाह रंगविलेला असून, हातात चषक घेऊन दारात उभ्या असलेल्या पेलेउसकडे देवदूती इरिसच्या मागोमाग द्राक्षवेल घेतलेला डायोनिसस, अश्वमानव कायरॉन, रथारूढ देवदांपत्ये आणि सर्वांच्या शेवटी खेचरावर बसलेला हेफायस्टस अशी वरात चालली आहे. आणि एखाद्या दक्ष कारकुनाने हजेरीपट भरावा तसे प्रत्येकाचे नाव त्याच्याजवळ लिहिले आहे. तांबूस मातीवर काळ्या लेपाने आकृती भरून, टोकदार हत्याराने त्यात बारकावे कोरण्याची जी रीत होती, तीच सोफिलोसची. स्त्रियांची कांती मात्र तो पांढरी रंगवी. खालच्या पट्ट्यांतील कोरिंथी धाटणीचे प्राणी त्याने, मला वाटते, शिरस्ता म्हणून उरकले. त्याचा जीव वरातीत होता. सुमारे दहा वर्षांनी चित्रकार क्लाइटियासने हाच विवाह अधिक नाजूक हाताने चितारला, हे खरे. पण कथा लोकांना ओळखता यावी म्हणून सोफिलोसने केलेली धडपड मला अधिक प्रिय वाटते.

त्या धडपडीची परमावधी थेसलीतील फार्सालोस येथे सापडलेल्या आणि आता अथेन्सच्या संग्रहालयात असलेल्या दुसऱ्या एका पात्राच्या तुकड्यावर दिसते. आपला मित्र पट्रोक्लस ह्याच्या अंत्यविधीनिमित्त वीर अकिलीसने भरविलेल्या रथशर्यतीचे ते चित्र. ‘पट्रोक्लसचे खेळ’ असे शीर्षकही चित्रातच लिहिलेले, आणि पुन्हा सोफिलोसची सही. पायऱ्यापायऱ्यांच्या मंचावर इवलेसे प्रेक्षक दाटीवाटीने बसले आहेत, कोणी हातवारे करीत आहे. बाकीचे पात्र कधीच नष्ट झाले. मंचाच्या दिशेने दौडत येणारे घोडे तेवढे त्या प्रेक्षकांसमोर उरले आहेत.