हक्क, इनाम आणि पगाराची चिठ्ठी

हक्क, इनाम, वतन, वसूल, महसूल. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीच्या ओसरीवर असे ऐसपैस बसले, की आता त्यांना कोणी गाव विचारत नाही. 'पगार' हा शब्द मात्र पोर्तुगिजांकडून आला. त्याआधीचं जग हक्काचं होतं. निजामाच्या अमलात वऱ्हाडातल्या देशमुख-देशपांड्यांना, पाटील-पटवाऱ्यांना वसुलीतला वाटा आणि इनाम जमीन मिळे. इनामावर सारा माफ, नाहीतर नावापुरता. सुताराचं, लोहाराचं बलुतं खळ्यावर मोजलं जाई. नोकरीच्या मोबदल्यावर कर लागू नये, ही सोय अशी जुनी आहे. तिचा मोठा वाटा कोणाच्या वाड्यात जाई, हे सांगायला नको.

1853 मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1867 मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून आगगाडी नागपूरला पोचली आणि नोकरीबरोबर क्वार्टर आलं, पास आला. 1922 च्या प्राप्तिकर कायद्यानं अशा सवलतीही पगारातच धरल्या. रेल्वेवाल्यांचा पास पुढेही करातून सुटलेला राहिला. बाकीच्यांच्या घराची, गाडीची किंमत ठरवायला नियम आले. नियम आले तशा वाटाही निघाल्या. मूळ पगार लहान ठेवायचा आणि घरभाडं, प्रवास, जेवणाची कुपनं असे भत्ते वाढवायचे. घरभाड्याच्या सवलतीची एक मर्यादा मुंबईकराला पगाराच्या 50 टक्के, अकोला-अमरावतीकराला 40!

28 फेब्रुवारी 2005 च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी सवलतींवरचा कर थेट मालकावर बसवला. दिवाळीच्या भेटींवर शंभर रुपये खर्च केले, तर पन्नास रुपये 'लाभ' धरायचा आणि त्यावर 30 टक्के, म्हणजे पंधरा रुपये कर; अधिभार वेगळा. गंमत अशी, की एकट्या मालकाचं दुकान यातून सुटलं आणि शेजारची भागीदारी पेढी सापडली. मिठाईचा डबा दोन्हीकडे सारखाच! 2009 मध्ये प्रणव मुखर्जींनी हा कर काढून टाकला.

पण खरा हिशेब म्हातारपणी लागतो. 1974 मध्ये सरकारनं ताब्यात घेतलेल्या आजारी गिरण्यांत अकोल्याची सावतराम मिल होती, अचलपूरची विदर्भ मिल होती. गिरणीचा भोंगा थांबला, की कामगाराला आधार उरतो तो 1952 च्या कायद्यातल्या भविष्यनिर्वाह निधीचा आणि 1972 च्या कायद्यानं आलेल्या ग्रॅच्युइटीचा. या दोन्हींचं मोजमाप मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर. हे दोन्ही मिळून 26,000 असतील, तर वीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी तीन लाख होते. भत्त्यांत विभागणी करून तेच 13,000 दाखवले, की दीड लाख. दरमहा वाचलेला कर नोकराला दिसतो; मालकाचे वाचलेले दीड लाख त्याला दिसत नाहीत. आणि ज्याचा पगार कराच्या मर्यादेत येतच नाही, त्या शिपायाचा, चौकीदाराचा पगारही याच साच्यात कापला जातो. त्याचा तर कर वाचायचाही प्रश्न नसतो.

सर्वांना सरसकट मिळणारे भत्ते निधीसाठी मूळ पगारातच धरावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2019 मध्ये दिला. 2020 मध्ये नवी करपद्धत आली. ती घेतली, तर घरभाड्याची सूटच मिळत नाही. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजायचा. पगाराची चिठ्ठी हाती आली, की आता तळाचा आकडा पाहण्याआधी पहिली ओळ वाचायची.