आभाळातून उतरलेली पेटी

फुगा आभाळात सोडता येतो, पण त्यानं वर काय पाहिलं हे खाली कसं कळायचं? फ्रान्समध्ये तेसेराँ द बोर हे शास्त्रज्ञ फुग्याला तापमान टिपणारं यंत्र बांधून सोडत. फुगा कुठल्या तरी शिवारात पडे. ज्याला सापडेल त्यानं यंत्र परत दिलं तरच आकडे हाती लागत! असे शेकडो फुगे सोडून १९०२ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की साधारण अकरा किलोमीटरवर हवा आणखी थंड होणं थांबतं.

जानेवारी १९२९ मध्ये फ्रान्समध्येच रोबेर ब्युरो यांनी फुग्यासोबत रेडिओ धाडला. आता फुगा वर असतानाच खबर खाली येऊ लागली. १९६७ मध्ये फिनलंडच्या हौशी रेडिओवाल्यांनीही आपले संच असेच वर पाठवले.

मग शिवारातल्या माणसाचं काम संपलं का? नाही. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुग्यांचं केंद्र आहे. तिथले हायड्रोजन भरलेले फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात. यंत्रं मोठ्या रंगीत छत्रीनं दोन-तीनशे किलोमीटर दूरही उतरतात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातसुद्धा. पेटीवर पत्ता असतो. ती उघडायची नाही, आत जोरदार वीज असू शकते. पोलिसांना कळवायचं. कळवणाऱ्याला बक्षीस आणि खर्चही मिळतो.

आम्ही गटात हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, छत्रीच्या कापडाची गोधडी होईल का? नाही बायांनो, तेही परत द्यायचं.