मुक्या कळफलकाची कुळकथा

संगणकापुढे बसलेला मनुष्य कळा दाबीत असतो आणि पडद्यावर एकही अक्षर उमटत नाही. माऊसचा बाण फिरतो, कोपऱ्यातले घड्याळ चालते. कळफलक तेवढा मौन धरून बसतो. लिनक्ससारख्या युनिक्स वंशातील प्रणालींवर काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी पहिला संशय बिचाऱ्या कळफलकावरच जातो. तो काढून दुसरा जोडावा, तर तोही तितकाच मुका निघतो! वस्तुतः बोट आणि अक्षर यांच्यामध्ये चार-पाच दरवाजे आहेत. ते निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हातांनी बसविले गेले आणि प्रत्येकाची कडी वेगळी आहे. त्यांतला एक तर युनिक्सच्या जन्माहूनही जुना आहे.

1963 साली अमेरिकेतील टेलिटाइप कॉर्पोरेशनचे मॉडेल 33 हे दूरलेखन यंत्र बाजारात आले. सेकंदाला दहा अक्षरे एवढाच त्याचा वेग. त्याला जोडलेली भोकाभोकांची कागदी फीत वाचीत ते तारेवरून मजकूर पाठवी. पलीकडच्या यंत्राला तो घेणे झेपेना, तर ‘थांब’ आणि पुढे ‘चालू दे’ असे सांगण्याची सोय हवी होती. आस्की संकेतावलीतील 19 आणि 17 या क्रमांकांची चिन्हे त्या कामी आली. कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्या की 19 क्रमांकाचे चिन्ह जाते. कंट्रोल आणि क्यू दाबल्या की 17 क्रमांकाचे.

पुढे 1969 साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला, तेव्हा त्यांच्यापुढे असलीच टेलिटाइप यंत्रे होती. त्यांच्याच नावाचे ‘टीटीवाय’ हे लघुरूप आजही प्रणालीत वावरते आणि ती ‘थांब’ची खूणही तशीच टिकून आहे. कंट्रोल-एस दाबून लेखन जतन करण्याची सवय इतर कार्यक्रमांनी लावलेली असते. टर्मिनलच्या खिडकीत हाच हात सवयीने पडतो आणि खिडकी गोठते. पण ती मेलेली नसते, थांबण्याची आज्ञा पाळीत असते. चिडून मागाहून बडविलेल्या कळाही बहुधा वाया जात नाहीत. त्या रांगेत उभ्या राहतात आणि कंट्रोल-क्यू दाबताच एकामागून एक अमलात येतात. म्हणून अशा वेळी भलतीच आज्ञा टंकू नये, हे बरे. ही रीतच नको असेल, तर ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने ती बंद करता येते.

दुसरा दरवाजा खिडक्यांच्या जगातला. 1984 साली एमआयटी या संस्थेत बॉब शायफलर आणि जिम गेटिस यांनी ‘एक्स’ ही चित्रप्रणाली उभारली. तिची अकरावी आवृत्ती 1987 साली निघाली. एखाद्या कार्यक्रमाला सगळा कळफलक आपल्या एकट्याच्या ताब्यात घेण्याची मुभा तिने दिली. उघडलेली मेनू-यादी हेच करते. तो कार्यक्रम मध्येच अडकला, तर ताबा सुटत नाही आणि बाकीच्या खिडक्या तोंडाला कुलूप लागल्यासारख्या होतात.

सर्वांत बोलका इतिहास मात्र तिसऱ्या दरवाजाचा आहे. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांचे बोट एका कळेवर जाताना चार कळांना धक्का देते, त्यांच्यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्राने काही युक्त्या घडविल्या. त्यांपैकी एक म्हणजे संथ कळा: ठराविक वेळ दाबून धरली, तरच कळ मानावयाची, ओझरता स्पर्श सोडून द्यावयाचा. 1996 च्या सुमारास एक्स प्रणालीच्या कळफलक-विस्तारात हिला स्थान मिळाले. आता ज्याला साधी कळही नीट दाबता येत नाही, त्याने ही सोय सुरू तरी कशी करावी? म्हणून उपाय असा योजला की शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरावी. नेमका येथेच घोटाळा होतो. विचार करताना कोणाचे बोट शिफ्टवर विसावते, कोणाचे पुस्तक कळफलकावर टेकते, आणि झटपट टंकणाऱ्याला यंत्र बिघडलेसे वाटते. पुन्हा आठ सेकंद शिफ्ट दाबली की ते पूर्ववत होते. या सोयीला पुष्कळांनी शिव्या दिल्या आहेत. पण थरथरत्या हाताच्या माणसाला तिच्यावाचून पत्रही लिहिता येणार नाही. दोष असेल तर तो, दरवाजा लावताना मोठ्याने न सांगण्याचा.

भारतीय लिपींत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक मध्यस्थ येतो. मराठी टंकण्यासाठी ‘आयबस’सारखी सेवा वापरली आणि ती अडकली, तर काही खिडक्यांत अक्षर उमटते, काहींत नाही. ती सेवा पुन्हा सुरू केली की काम भागते.

2009 च्या आसपास तर गंमतच झाली. तोपर्यंत जोडलेली उपकरणे हस्तलिखित सूचीतून ओळखली जात. एक्सच्या नव्या आवृत्त्यांनी ते काम ‘हॅल’ नावाच्या सेवेवर सोपविले. ज्यांच्याकडे ती सेवा चालू नव्हती, त्यांनी आवृत्ती बदलताच कळफलक आणि माऊस दोन्ही निकामी झाले, आणि सूचीत त्यांची नावे असूनही ती वाचली जाईनात! त्याच वर्षी कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेस दाबून सारे खिडकी-राज्य एका झटक्यात बंद करण्याची जुनी वाटही, चुकून दाबणाऱ्यांचे काम बुडते म्हणून, सहसा मिटलेली ठेवण्यात आली. कोंडलेल्या माणसाची खिडकीच बुजविली म्हणावयाची. 2010 साली हॅलला निरोप मिळाला आणि त्याची जागा ‘युडेव्ह’ने घेतली.

मग जतन न केलेले लेखन पडद्यावर अडकले असता करावे काय? वीज तोडणे हा शेवटचा उपाय. प्रथम कंट्रोल-ऑल्टसह एफ-3 दाबून दुसऱ्या टीटीवायवर जाता येते का, हे पाहावे. तेथे प्रवेश मिळाला, तर अडकलेला कार्यक्रम तेवढा बंद करावा. बाकीच्या खिडक्या वाचतात. तेही न साधल्यास शेजारच्या संगणकावरून एसएसएचने, ती सोय आधीच केलेली असेल तर, आत शिरावे. ‘इव्हटेस्ट’ चालवून कळ गाभ्यापर्यंत पोहोचते की नाही, हे कळते. पोहोचत असेल, तर कळफलक निर्दोष आहे आणि दोष वरच्या दरवाज्यांत शोधावा.

एवढ्यानेही वाट न सापडली, तर लिनक्समध्ये एक जुनी कळ कामी येते. 1984 साली आयबीएमने आपल्या पीसी-एटी यंत्राच्या कळफलकावर ‘सिसआरक्यू’ नावाची कळ बसविली. पुढे ती प्रिंट-स्क्रीनच्या कळेत सामावली गेली. ऑल्ट आणि ती कळ धरून आर दाबला, तर गाभा कळफलक एक्सच्या हातून काढून घेतो. एसने तबकडीवरचे लिखाण पक्के होते. पुष्कळ प्रणालींत ही सोय पूर्ण किंवा अंशतः बंद ठेवलेली असते. शिवाय आजच्या अनेक लॅपटॉपांवर ती कळच दिसत नाही. एफएन दाबून तिला शोधावे लागते.